दिगंबरगुरुजींची बैठक

तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली. गोळी जिभेखाली दडवून मी पाठमोरी झाले की थुंकणारे पेशंट पाहिले, सलाइन अर्धं सोडून आठवडी बाजाराला निघून गेलेले पाहिले, ताप किती दिवसांपासून आहे असं विचारलं की आधी सुनेची तक्रार सांगणारे तर रोजच पाहिले. पण शेजारच्या दिगंबरगुरुजींवर मी जितकी वैतागले तितकी कोणावरच वैतागले नाही. त्यातून ते माझे पेशंटही नव्हते. पेशंट असते तर डिस्चार्जच्या कागदावर सही घेऊन मोकळी झाले असते. शेजाऱ्याला डिस्चार्ज देता येत नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी आठवण निघाली की आधी राग येतो आणि मग बाकीचं.

सोनपेठला आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. रोज सकाळी सातच्या सुमारास पलीकडून हाक यायची, "सिस्टर, हाव का घरात?" वीस वर्षांच्या शेजारात त्यांनी मला सिस्टरशिवाय दुसरं काही म्हटलं नाही. हाक आली की ओळखायचं, गुरुजींना सल्ला विचारायचाय आणि तो ऐकायचा नाहीये. मला चहा ओतून घ्यायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात ते विचारून, माझं उत्तर ऐकून, ते कसं चूक आहे हे मला समजावून आत गेलेले असत.

ते भिक्षुकी करत. लग्नं, मुंजी, वास्तुशांती, सत्यनारायण, नदीकाठची श्राद्धं. सोनपेठ आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांत त्यांचे यजमान होते. आवाज तसा घोगरा, पाठांतर चोख. पण लोक त्यांचं नाव घेत ते बैठकीसाठी. एकदा मांडी घातली की पाच-पाच तास माणूस हलायचा नाही. गुडघा वर घेणं नाही, पाय लांब करणं नाही, भिंतीला टेकणं नाही. ही सवय इतकी मुरलेली की कुठेही गेले तरी मांडीच. एसटीच्या सीटवर मांडी, बँकेतल्या खुर्चीवर मांडी. आमच्या दवाखान्यात बीपी तपासायला आले तेव्हा गोल फिरत्या स्टुलावरही त्यांनी मांडी घातली आणि पडता पडता वाचले. मी ओरडले, पाय खाली सोडून बसा म्हणून. तर म्हणाले, पाय लोंबले की मला काही सुचत नाही. बीपी वाढलेलं निघालं, तेव्हा दोष लोंबणाऱ्या पायांना दिला.

दुसऱ्याच्या कामात ते मिनिटाचे पक्के. एका लग्नात नवरदेवाची वरात डीजेपुढे नाचत राहिली आणि मुहूर्त टळून गेला. गुरुजी बोहल्याशेजारी दोन तास मांडी घालून तसेच बसून होते. वधूचे वडील म्हणाले, तोवर उठा, पाय मोकळे करा, चहा घ्या. गुरुजी म्हणाले, मी उठलो तर सगळ्यांनाच वाटेल की अजून वेळ आहे. शेवटी वरात आली तेव्हा त्यांनी माईक हातात घेऊन पाहुण्यांना शांतपणे सांगितलं की मुहूर्त आपल्यासाठी थांबलेला नाही, फक्त मी थांबलोय. त्यानंतर त्या गावात वराती वेळेवर येऊ लागल्या, असं लोक सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

स्वतःच्या बाबतीत मात्र या माणसाचा एकच मंत्र, "बगू की, काय घाई हाय?" उजव्या खुब्यात दुखायला लागलं तेव्हा वर्षभर हेच चाललं. आधी म्हणाले लचक भरली, मग म्हणाले वात आहे, मग म्हणाले एसटीच्या सीटाच वाईट आहेत. निर्गुडीचं तेल झालं, एरंडमुळाचा काढा झाला, गरम विटेचा शेक झाला. मालूवहिनी, त्यांची बायको, रात्रंदिवस ते तेल चोळून थकल्या. एके दिवशी भिंतीशी येऊन त्या मला म्हणाल्या, "आता तुमीच सांगा त्यांना. पूजेवरून उठताना चौरंगाला धरून उठायलेत. देव हलायलाय." तेव्हा मी आणि त्यांची मुलगी विद्या, ती परभणीला शाळेत शिक्षिका आहे, अशा दोघींनी त्यांना अक्षरशः ओढून परभणीला नेलं आणि फोटो काढला.

एक्स-रे बघून सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. खुब्याच्या दोन हाडांमध्ये जी फट दिसायला हवी ती जवळजवळ नव्हतीच. सांध्यातली गादी झिजून गेलेली. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं, औषधांनी थोडे दिवस निघतील, पण शेवटी सांधा बदलावा लागेल. गुरुजींनी मान डोलावली, एक्स-रे घडी घालून पंचांगात ठेवायचा प्रयत्न केला, तो मावेना तेव्हा पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता हाक आली. मी ओट्यावर मेथी निवडत होते.

"सिस्टर, एकच विचारतो. सांधा बदलल्यावर मांडी घालता येती का?"

"मांडी विसरा आता," मी मान वर न करता म्हणाले. "मांडी न्हाई, खाली बसणं न्हाई. संडासात कमोड बसवून घ्या."

मी तीस वर्षं हेच ऐकलं होतं, हेच सांगितलं होतं. वॉर्डातल्या भिंतीवरच्या तक्त्यातसुद्धा हेच होतं. मला आठवतं, मी वैतागून बोलले, कारण भाजी करून मला बाहेर जायचं होतं. ते "बरं" म्हणून गेले.

त्या दिवसापासून ऑपरेशनचं नाव काढायची सोय राहिली नाही. मी म्हटलं, खुर्चीवर बसून पूजा सांगा, कितीतरी ठिकाणी सांगतात. तर ते म्हणाले, चौरंगावर देव आणि मी देवाच्या वर बसू? मी म्हटलं, देवाला टेबलावर ठेवू. त्यावर उत्तर तयारच, "मग यजमान काय दोन घंटे उभे ऱ्हातील? त्यांनाबी खुर्च्या द्या, बायकांनाबी द्या. ती पूजा हाय का तहसीलातली मीटिंग?" या माणसाशी वाद घालणं म्हणजे आपलाच वेळ घालवणं. पण मी घालत राहिले, कारण तो भिंतीपलीकडून रोज लंगडताना दिसायचा.

मग ते शिबिर आलं. परभणीच्या एका मंगल कार्यालयात, जिथे गुरुजींनी स्वतः कितीतरी लग्नं लावली होती, तिथे मोठ्या शहरातल्या कुठल्याशा सेंटरचे लोक आले. पडद्यावर चित्रं, स्टेजवर सुटाबुटातले डॉक्टर. कंबरेच्या हाडातून आपलाच मगज काढायचा, यंत्रात फिरवून त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि खुब्यात टोचायच्या. त्यातून नवी गादी तयार होते, ऑपरेशन टळतं. विद्याच्या आग्रहाने मीही गेले होते. मी उठून विचारलं की झिजलेल्या सांध्यात यानं गादी पुन्हा वाढते याचा पक्का पुरावा आहे का, हे अजून संशोधनातच आहे ना. डॉक्टर हसून म्हणाले, मॅडम, आपण कुठे असता? ग्रामीण रुग्णालयात होते, असं सांगितल्यावर त्यांनी "अच्छा" म्हटलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

पण मी काय विचारलं ते गुरुजींनी ऐकलंच नव्हतं. त्यांनी एकच चित्र पाहिलं होतं. पांढऱ्या केसांचा एक माणूस इंजेक्शननंतर जमिनीवर मांडी घालून बसलाय. परत येताना एसटीत, एक पाय सीटवर घ्यायची धडपड करत, त्यांनी मलाच सुनावलं, "एवढ्या मोठ्या डॉक्टरला असं विचारायचं असतंय का, सिस्टर? आपलंच बी, आपल्याच शेतात पेरायचं. त्यात खोट काय हाय?" मी खिडकीबाहेर बघत बसले. पैशाचं मी बोलत नाही, पैसे त्यांचे होते.

सेंटरने तारीख दिली ती अमावास्या निघाली. गुरुजींनी फोन करून ती बदलून घेतली, वर सकाळची वेळही स्वतःच काढून दिली. सेंटरवाल्यांनी सगळ्याला हो म्हटलं. इतक्या सहज हो म्हणणाऱ्या दवाखान्याचा मला तिथेच संशय आला होता, पण माझं कोण ऐकतंय? विद्या सांगत होती, हाडातून मगज काढताना ते पालथे पडून मोठ्याने काहीतरी म्हणत राहिले आणि डॉक्टरांना दोनदा गप्प राहा म्हणून सांगावं लागलं.

परत आले ते कागद घेऊन. सहा आठवडे त्या पायावर जोर नको, तीन महिने खाली बसणं नको. निदान कागद तरी बरोबर लिहिला होता. मी तो वाचून दाखवला, वहिनींनी तो देवघराच्या दाराला चिकटवला. बाराव्या दिवशी मी भिंतीवरून पाहिलं तर गुरुजी अंगणात सतरंजीवर मांडी घालून बसलेले, चेहरा वेदनेने वाकडा झालेला, कपाळावर घाम.

मी भिंतीला वळसा घालून धावतच गेले. काय करताय हे?

तेव्हा त्यांनी मला जे समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांचं म्हणणं असं, की आता आत नवी गादी वाढायला लागली आहे. ती कोवळी आहे. आपण पाय लांब करून झोपून राहिलो तर ती झोपण्याच्या मापाची वाढेल, आणि मग मांडीला कधी जुळायचीच नाही. म्हणून ती कोवळी असतानाच तिला मांडीची सवय लावायची. रोज तीन तास.

"दुकायलंय म्हणूनच कळायलंय की ती वाढायली," ते म्हणाले. "तुमच्या पुस्तकात हे न्हाई, मला मालूम हाय."

कुठल्याच पुस्तकात नव्हतं ते. मी वहिनींना बोलावलं, विद्याला फोन लावला, ओरडले, कागद आणून नाकासमोर धरला. ते शांतपणे म्हणाले की कागद सगळ्या पेशंटांना एकच देतात, त्यांच्यातले भिक्षुक किती? मी हात टेकले. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, खरं सांगते, रागाने.

आणि वर गंमत अशी की पहिले दोन-तीन महिने त्यांना बरंच वाटलं. कशाने, कोण जाणे. वेदनाशामक गोळ्या चालू होत्या, लांबचे प्रवास बंद होते, आणि मनाने तर ते बरे झालेच होते. लगीनसराई आली. गुरुजी बोहल्याशेजारी मांडी घालून बसले आणि प्रत्येक मांडवात इंजेक्शनची कथा सांगू लागले. जिथे सत्यनारायणाची कथा संपे तिथे ही सुरू होई. त्यांच्या शब्दावर आणखी दोघे जण त्या सेंटरला जाऊन आले, एक किराणा दुकानदार आणि एक शेतकरी बाई. मी गुरुजींना म्हटलं, तुमचं तुम्ही काय करायचं ते करा, दुसऱ्यांना का पाठवता? तर म्हणाले, मला चांगलं दिसलं ते मी लोकांना सांगू नको?

पावसाळा संपता संपता पाय बोलायला लागला. सेंटरने फोनवर सांगितलं, दुसरा डोस लागेल. तोही घेतला. त्यानंतर मात्र काहीच झालं नाही, बरंही नाही. उजवा पाय आखूड पडला. चांभाराने त्या पायाच्या चपलेला एक थर लावून दिला, सहा महिन्यांनी दुसरा. यजमान पूजेची तारीख विचारायला येत आणि गुरुजी आतूनच दुसऱ्या गुरुजींचं नाव सांगत. सात वाजताची हाक बंद झाली. मला वाटलं होतं बरं होईल, सकाळचा चहा निवांत पिता येईल. तसं काही झालं नाही.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. एके दुपारी गुरुजी काठी टेकत रस्त्याने निघालेले दिसले. कुठे, विचारलं तर सांगेनात. नंतर कळलं, ते त्या दुकानदाराकडे गेले होते आणि तिथून रिक्षा करून त्या बाईच्या गावी. त्या दोघांनाही गुण आलेला नव्हता. दुकानदार मला सांगत होता, गुरुजी गल्ल्यासमोर उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत आणि गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "मला काई मालूम नसताना मी तुमाला सांगितलो. चूक माझी हाय." एवढं बोलून निघाले. सगळ्या सोनपेठला शहाणपण शिकवणारा हा माणूस चुकलो म्हणायला स्वतः दोन दारांत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्यावर चिडता आलं नाही आणि त्याचाही वैताग आला.

शेवटी विद्याने त्यांना पुन्हा परभणीला नेलं. या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. मी बरोबर होतेच. त्यांनी जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावले, गुरुजींचा पाय वाकवून पाहिला. ऑपरेशनने दुखणं जाईल, चालता येईल, असं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की तुम्ही काम काय करता. आधी कुणीच हे विचारलं नव्हतं, आणि गुरुजींनी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी सांगितलं आणि मग खालच्या आवाजात म्हणाले की मांडी घालता येणार नाही, ते मला माहीत आहे.

डॉक्टर म्हणाल्या, "असं कोणी सांगितलं? हल्ली बऱ्याच जणांना काही महिन्यांनी हळूहळू घालू देतो आम्ही. सगळ्यांना नाही, पण हा जुना फोटो बघता तुम्हाला कदाचित जमलं असतं. आता हाड फार झिजलंय, स्नायू आखडलेत. आता मात्र मी नकोच म्हणेन."

विद्याने माझ्याकडे पाहिलं नाही, कारण तिला माहीत नव्हतं. गुरुजींनीही पाहिलं नाही, आणि त्यांना माहीत होतं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते. कोणी सांगितलं, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मीही दिलं नाही. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, मधल्या काळात काय बदललं ते मी कुणाला विचारलं नव्हतं. त्या सकाळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की मला नक्की माहीत नाही, डॉक्टरांना विचारा. ते म्हणायला मेथी निवडण्यापेक्षा जास्त वेळ लागला नसता.

ऑपरेशन नीट झालं. दुखणं गेलं, ते वॉकरवर, मग काठीवर, मग नुसते चालू लागले. भिक्षुकी मात्र त्यांनी सोडली. मी त्यांच्याकडे रोज जायचे, ड्रेसिंग बघायचे, व्यायाम करून घ्यायचे, चिडायचे, आणि जे बोलायचं ते सोडून सगळं बोलायचे. ते पूर्वीसारखं उलट बोलत नव्हते. सांगेन तो व्यायाम निमूट करत. इतकी वर्षं मला तेच हवं होतं आणि आता ते मला सहन होत नव्हतं.

शेवटचे भेटले ते एका लग्नात. तोवर दोघे नवरा-बायको विद्याकडे राहायला गेले होते, लग्नापुरते आले होते. गुरुजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, पाय खाली सोडून, हातात अक्षता घेऊन बसलेले. आयुष्यभर बोहल्याच्या त्या बाजूला बसलेला माणूस मी या बाजूला पहिल्यांदा पाहिला. मी शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि बसल्या बसल्या बोलून टाकलं, कारण नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. म्हटलं, गुरुजी, मांडी घालता येणार नाही असं मीच सांगितलं होतं तुम्हाला. चूक माझी होती.

त्यांनी हातातल्या अक्षता या मुठीतून त्या मुठीत घेतल्या. मग म्हणाले, "मला कापून घ्यायचं भ्याव वाटत होतं, सिस्टर. तुमी हाव म्हणला असतात तरी मी दुसरं काईतरी निमित्त काढलो असतो."

हे खरं होतं की माझ्यासाठी म्हटलं होतं, मला आजही कळलेलं नाही. विचारायची सोय नाही. असा हा माणूस, जाताना हेही नीट सांगून गेला नाही.

मंगलाष्टकं आटोपली, होम सुरू झाला. नवे गुरुजी तिशीचे असतील. समिधा आणायला उठले, पुन्हा मांडी घालून बसले, कलश सरकवायला उठले, पुन्हा बसले. सगळा मांडव नवरा-नवरीकडे बघत होता, सगळ्यांच्या अक्षता केव्हाच टाकून झाल्या होत्या. दिगंबरगुरुजींच्या अक्षता मुठीतच होत्या. ते त्या नव्या गुरुजींच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"काय बगायलात?" मी विचारलं.

"कसा बसायलाय बगा," ते म्हणाले. "त्याला मालूम बी न्हाई."